‘पांढरं जातंय’ आणि हिरवं किट

‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढं सांगून बाई गप्प होते, आणि त्यात निदान चार गोष्टी दडलेल्या असतात. महिन्याच्या मध्यावरचा नेहमीचा स्राव, दह्याच्या कवडीसारखा नि खाजरा बुरशीचा, मासळीचा वास मारणारा जिवाणूंचा असमतोल, फेसाळ हिरवट ट्रायकोमोनास या परजीवीचा. आजी सगळ्यालाच धुपणी म्हणे आणि उष्णतेवर ढकले. ‘श्वेतप्रदर’नेही उलगडा होत नाही, जुन्या आयुर्वेदग्रंथांत नुसता ‘प्रदर’ म्हणजे मुख्यतः अतिरक्तस्राव.

पाश्चात्त्य वैद्यकातला घोळही कमी नव्हता. मासळीच्या वासाच्या स्रावासाठी १९५५ साली एक जिवाणू दोषी ठरला. मग ध्यानात आलं की दोष एकट्याचा नाही. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे योनीतले राखणदार जिवाणू, घटले की इतर माजतात, दाह फारसा नसतोच. म्हणून १९८०च्या दशकात ‘व्हजायनायटिस’चं, म्हणजे योनिदाहाचं, नाव बदलून ‘व्हजायनोसिस’ झालं.

आपल्याकडे १९८९ साली गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास आला. ६५० स्त्रिया तपासल्या, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. सरकारी दवाखाना तोवर कुटुंब नियोजनापलीकडे फारसं विचारत नव्हता.

यानंतरचा सरकारी निर्णय मला अजून खटकतो. लक्षण पाहून औषध द्यायचं, तपासणीसाठी थांबायचं नाही, आणि त्यासाठी रंगीत किट. योनिस्रावाला हिरवं: जिवाणू नि ट्रायकोमोनाससाठी सेक्निडॅझोल २ ग्रॅम, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. त्याच्या बाजूचा युक्तिवाद खरा होता. उपकेंद्रात सूक्ष्मदर्शक नाही आणि बाई पुन्हा यायची शाश्वती नाही. पण यात नेहमीच्या स्रावालाही गोळ्या मिळतात आणि बुरशीवालीला जिवाणूंचंही औषध गिळावं लागतं. उलट गोनोरिया, क्लॅमिडियासारखे लैंगिक संसर्ग असूनही स्राव नसेल तर ती बाई उपचारातून सुटतेच.

गडचिरोलीला हे चालवून घेऊ. पुण्यात का? इथे पेठेपेठेत लॅब आहे. स्राव आम्लता मोजणाऱ्या पीएच-पट्टीवर टेकवला, ४.५च्या वर गेला तर एकटी बुरशी असण्याची शक्यता कमी. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी दहा मिनिटांत वाचून होते. तरी मेडिकलवाल्याकडून ‘खाजेची गोळी’ नेणं सोपं वाटतं, कारण तिथे पडद्याआड जावं लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेने शक्य तिथे तपासूनच औषध द्या, असं सांगितलं. २०२५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांवरच्या चाचणीत पुरुषालाही सात दिवस गोळ्या नि मलम दिल्यावर बारा आठवड्यांत बाईला व्हजायनोसिस पुन्हा होण्याचं प्रमाण ६३वरून ३५ टक्क्यांवर आलं. म्हणजे आता चिठ्ठी नवऱ्याच्याही नावाने लिहावी लागणार.