चकमकीच्या बंदुका आणि सेकंदाचा विसावा भाग

ताशी 60 किलोमीटर वेगाने उडणारा तितर एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापतो. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, उत्तम बंदुकीचा चाप ओढल्यापासून छर्रे नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा साधारण विसावा भाग गेला, तरी तेवढ्यात पक्षी पाऊण मीटरहून अधिक पुढे सरकलेला असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बंदूक कारागिरांनी जी धडपड केली, ती मुख्यतः हा विलंब कमी करण्यासाठी होती. त्यामुळे त्या काळातील इंग्रजी शिकारी बंदुकांचा संग्रह करताना दस्त्यावरच्या नक्षीपेक्षा नळीच्या मागच्या टोकाकडे आधी पाहावे, असे मला वाटते.

चाप ओढला की घोड्याच्या, म्हणजे झेपावणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात पकडलेली गारगोटी पोलादी झडपेवर आपटते, झडप पुढे उलटते आणि तिच्याखाली झाकलेली रंजकाची, म्हणजे आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी उघडी पडते. ठिणग्या गारगोटीच्या नसतात. गारगोटी पोलादापेक्षा कठीण असल्यामुळे ती झडपेचे सूक्ष्म कण खरवडून काढते, आणि घर्षणाने तापलेले हे कण हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळू लागतात. आकारमान अत्यल्प आणि त्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे लोखंडासारखा धातूसुद्धा येथे पेट घेतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने 1665 मध्येच अशा ठिणग्या पांढऱ्या कागदावर पाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. त्याला वितळून गोल झालेले पोलादाचे बारीक मणी दिसले. झडपेचे तोंड पुरेसे कडक केलेले नसेल, तर गारगोटी कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही. ही गारगोटी बहुधा सफोक परगण्यातील ब्रँडन गावची असे. तेथील काळा दगड फोडून त्याचे धारदार तुकडे पाडणे हा त्या गावाचा पिढीजात धंदा होता.

रंजक पेटले की ज्वाला नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते आणि ठासलेली मुख्य दारू पेटवते. काळ्या दारूत वजनाने साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते. जळण्यास लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. इंग्लंडला लागणाऱ्या सोऱ्याचा फार मोठा भाग ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून, पाटण्याच्या वखारीतून नेत असे. इंग्रज उमरावाच्या शिकारीत अशा रीतीने आपल्याकडच्या मातीचाही वाटा होता.

खरी सुधारणा झाली ती कानाच्या पलीकडे. जुन्या बंदुकीत ज्वाला दारूच्या थराला एका बाजूने भिडत असे, आणि दारू सावकाश जळते म्हणून सुमारे एक मीटर लांबीची नळी लागे. लंडनचा बंदूक कारागीर हेन्री नॉक याने 1787 मध्ये नळीच्या बुडाशी एका लहान पूर्वकक्षाचे पेटंट घेतले. या कक्षातील थोडी दारू आधी पेटते आणि तिचा झोत मुख्य दारूत मागून, मध्यभागी घुसतो. ज्वलन जलद झाल्यामुळे 75 ते 80 सेंटीमीटरची नळी पुरेशी ठरली. वजन घटले, आणि दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेली बंदूक खांद्याला सहज पेलवू लागली. जॉन आणि जोसेफ मँटन या भावांनी तिला जे रूप दिले, त्यापेक्षा देखणे रूप चकमकीच्या बंदुकीला पुन्हा लाभले नाही. जोसेफने 1806 मध्ये दोन नळ्यांमधली पट्टी मागच्या बाजूस उंच करण्याचे पेटंट घेतले, ज्यामुळे नेम किंचित वर लागतो. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स पर्डीने 1814 मध्ये स्वतःचे दुकान थाटले. जोसेफचे मात्र 1826 मध्ये दिवाळे निघाले.

कानाचे भोक उष्ण वायूंनी झिजून मोठे होते, म्हणून त्याला आधी सोन्याचे आणि पुढे प्लॅटिनमचे अस्तर लावीत. सोने 1064 अंश सेल्सियसला वितळते, प्लॅटिनम 1768 अंशांना. विल्यम वोलॅस्टन या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनम घडवण्याजोगे शुद्ध करण्याची रीत बसवली आणि लंडनचे बंदूक कारागीर त्याचे गिऱ्हाईक झाले.

नळीच्या पृष्ठभागाविषयी नवख्या संग्राहकाची हमखास फसगत होते. उत्तम नळ्या घोड्याच्या नालांचे जुने खिळे वितळजोड करून, त्यांची पट्टी पीळ देत गुंडाळून घडवलेल्या असत, आणि मग मुद्दाम नियंत्रित गंज चढवून त्यांना तपकिरी रंग दिला जाई. हा गंज म्हणजे घाण समजून कोणी तो चकचकीत घासून काढला, तर मूळ काम कायमचे नष्ट होते. नळीच्या आतला गंज मात्र वेगळा. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन क्षारांच्या रूपाने मागे उरतो. हे क्षार हवेतील ओलावा शोषतात आणि धातू खातात. म्हणून नळीची मजबुती तपासल्यावर तिच्यावर मारलेले चाचणीचे शिक्के शाबूत आहेत का, एवढे पाहून भागत नाही, तर नळीची जाडीही मोजावी लागते.

चकमकीचा शेवट ॲबर्डीनशायरमधल्या एका पाद्र्याने केला. रंजकाचा भडका पाहून पक्षी सावध होतात, यावर उपाय शोधताना अलेक्झांडर फोर्सिथ याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचे तंत्र काढले आणि 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या तंत्रातून पुढे असे स्फोटक भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोप्या आल्या, आणि शेकडो उत्तम बंदुकांचे घोडे, वाट्या नि झडपा काढून त्यांना टोप्यांसाठी बदलून घेण्यात आले. विसाव्या शतकात संग्राहक चकमकीला अधिक पैसे देऊ लागले, तेव्हा त्याच बंदुका उलट बदलल्या गेल्या. असा बनाव ओळखायचा तर कानाभोवतीचा भाग भिंगाखाली पाहावा: खऱ्या बंदुकीत शेकडो भडक्यांनी वाटीच्या काठाशी धातू खडबडीत झालेला आणि लगतचे लाकूड करपलेले दिसते, तर नव्या वाटीशेजारी बुजवलेली स्क्रूची भोके सापडतात आणि नक्षीचा हात वेगळा वाटतो. माझ्या मते 1830च्या सुमारास प्रामाणिकपणे बदललेली बंदूक अशा नूतनीकरणापेक्षा कितीतरी मोलाची आहे, जरी लिलावात तिला किंमत कमीच येते.