दुष्काळ नेमका कोठे सुरू होतो?

मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास होते. मळणीयंत्रातून पडलेले धान्य ताडपत्रीवर साचते आणि त्या ढिगाला रास म्हणण्याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. त्यातला एक दाणा उचलून बाजूला ठेवला तरी रास ही रासच राहते, आणखी एक उचलला तरीही राहते. एका दाण्याने राशीचे रासपण जात नाही हे एकदा मान्य केले, की ते प्रत्येक पायरीवर मान्य करावे लागते आणि शेवटी ताडपत्रीवर उरलेल्या एकुलत्या एक दाण्यालाही रास म्हणण्याची वेळ येते. हे कोडे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे आणि सर्वांचे समाधान होईल असे उत्तर त्याला आजही मिळालेले नाही.

ही अडचण फक्त राशीची नाही. ‘उंच’, ‘म्हातारा’, ‘गरीब’, ‘दुष्काळ’ या सर्व शब्दांना निःसंशय लागू पडणारी उदाहरणे असतात, निःसंशय लागू न पडणारीही असतात आणि मध्ये एक पट्टा असतो, जेथे भाषा चांगली जाणणारी माणसेही अडखळतात. या गुणधर्माला येथे धूसरता म्हणू. बोलण्यात पुष्कळदा तिची गल्लत अनेकार्थतेशी होते. मोंढ्यात ‘भाव’ म्हणजे दर आणि कीर्तनात ‘भाव’ म्हणजे भक्ती. एका शब्दाचे हे दोन स्वतंत्र अर्थ आहेत आणि प्रसंग कळला की गोंधळ संपतो. वाक्यरचनेतूनही अनेकार्थता येते. ‘जुन्या विहिरी व बोअर यांची नोंद करावी’ अशी सूचना निघाली, तर नोंद सगळ्या बोअरची करायची की फक्त जुन्या, हे वाक्यावरून ठरत नाही, पण सूचना काढणाऱ्याला विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते. धूसरतेचे तसे नाही. राशीतला दाणा न् दाणा मोजून आकडा हातात दिला, तरी रास कोठे संपली हा प्रश्न उरतोच, कारण तेथे माहितीची उणीव नसतेच.

अनेकार्थता मेंदू किती सहज हाताळतो, हे मानसभाषाशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांच्या 1979 मधील प्रयोगांतून दिसले. दोन अर्थांचा शब्द कानावर पडताच, संदर्भ एकाच अर्थाच्या बाजूचा असला तरी, क्षणभर दोन्ही अर्थ मनात जागे होतात. पुढची काही अक्षरे ऐकू येईपर्यंत नको तो अर्थ मावळतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2012 मध्ये असे मांडले, की अनेकार्थता हा भाषेतला दोष नसून ती काटकसर आहे. संदर्भातून अर्थ कळणारच असेल, तर उच्चारायला सोपे आणि आखूड शब्द अनेक कामांसाठी पुन्हा पुन्हा वापरणे भाषेला परवडते.

साहित्यात मात्र नको तो अर्थ मावळू न देण्यातच कौशल्य असते. पैठणच्या संत एकनाथांच्या भारुडांत विंचू चावल्याची तक्रार ऐकताना श्रोत्याला खरा विंचूही दिसत राहतो आणि काम-क्रोधाचा दंशही जाणवतो. दोहोंपैकी एकच खरा मानला, तर एकतर निव्वळ विनोद उरतो किंवा निव्वळ उपदेश. भारतीय काव्यशास्त्राने अभिधा (सरळ अर्थ) आणि लक्षणा (सरळ अर्थ जुळेना म्हणून घेतलेला जवळचा अर्थ) यांच्यापलीकडे व्यंजना, म्हणजे सूचित अर्थ देणारी शब्दशक्ती मानली, ती अशाच अनुभवासाठी. माझ्या मते भारुड चारशे वर्षे गावोगावी टिकले, त्यात त्याच्या या दुहेरीपणाचा वाटा मोठा आहे.

धूसरतेकडे आधुनिक तर्कशास्त्राने उशिरा लक्ष दिले. बर्ट्रांड रसेल यांनी 1923 मध्ये असे प्रतिपादन केले, की धूसरता वस्तूंमध्ये नसून त्यांचे वर्णन करणाऱ्या भाषेत असते. बाकू येथे जन्मलेले आणि बर्कले येथे अध्यापन करणारे लोत्फी झादेह यांनी 1965 मध्ये ‘फझी संच’ ही कल्पना मांडली. तिच्यानुसार एखादी गोष्ट संचात आहे किंवा नाही एवढेच न विचारता ती किती अंशाने आहे हे शून्य ते एक यांमधील संख्येने सांगता येते. जपानमधील सेंदाई शहराच्या भुयारी रेल्वेत 1987 पासून गाडीचा वेग आणि ब्रेक यांचे नियंत्रण याच तर्काने होऊ लागले. याच्या अगदी उलट भूमिका ब्रिटिश तत्त्वज्ञ टिमोथी विल्यमसन यांची आहे. रास नेमक्या एका दाण्यावर संपते, फक्त तो दाणा कोणता हे आपल्याला कळू शकत नाही, असे ते मानतात. मला ही भूमिका पटत नाही; शब्दांच्या सीमा माणसांच्या वापरातून तयार होतात आणि त्या वापराने जी रेघ कधी आखलीच नाही, ती कोठेतरी दडलेली असेल असे मानायला आधार दिसत नाही.

प्रशासनाला तर रेघ आखल्यावाचून चालत नाही. पिकांची पैसेवारी, म्हणजे प्रमाण उत्पन्न एक रुपया धरले तर यंदाचे उत्पन्न किती पैसे हा अंदाज, 50 पैशांपेक्षा कमी आली, तर गावाला जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती लागू होतात; 51 पैसे आली तर होत नाहीत. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गीकरणात सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पाऊस सामान्य ठरतो आणि 20 टक्के कमी पाऊस तुटीचा. या रेघा निसर्गाने आखलेल्या नाहीत. आपत्तीतील पीक नुकसानीच्या केंद्रीय मदतीसाठी किमान 50 टक्के नुकसानीची अट होती, ती 2015 मध्ये 33 टक्क्यांवर आणली गेली. पिके तीच होती, रेघ सरकली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा लातूर जिल्ह्यातला एकटा रेणापूर तालुका यादीत होता. तालुक्याच्या शिवेवर ढग अडत नाहीत, ही शिवेपलीकडच्या शेतकऱ्याची तक्रार युबुलिडीसच्याच कोड्याची आहे, फक्त तिची किंमत त्याला पैशांत मोजावी लागते.

तरीही आकड्याची रेघ निदान सर्वांना दिसते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ या शब्दप्रयोगाचे तसे नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते आणि सरकारी कागदांत मात्र दुष्काळसदृश परिस्थिती होती. मुंबई उच्च न्यायालयात याचिकांची सुनावणी चालू असताना, मे महिन्यात, शासनाने त्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा खुलासा केला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवामान खात्यानेही आपल्या परिभाषेतून दुष्काळ हा शब्द काढून ‘तुटीचे वर्ष’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली होती. पाऊस मोजणाऱ्या खात्याने फक्त पावसाबद्दल बोलावे हे समजण्यासारखे आहे. टँकर आणि छावण्या यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने ‘सदृश’ म्हणणे समजण्यासारखे नाही.

राजकारणात धूसर बोलणे फायद्याचे का ठरते, याचे गणिती विश्लेषण अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केनेथ शेप्सल यांनी 1972 मध्ये केले. मायकेल टोम्झ आणि रॉबर्ट व्हॅन हौवेलिंग यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी मतदारांवरील प्रयोगांत असे आढळले, की मोघम भूमिका घेणाऱ्या उमेदवारापासून मतदार सहसा दुरावत नाहीत आणि आपल्याच पक्षाच्या मोघम उमेदवाराच्या शब्दांत तर ते स्वतःच्या मनातला अर्थ भरून घेतात. ‘रास्त भाव’ हे आश्वासन कापूस विकणाऱ्यालाही आवडते आणि कापड विकत घेणाऱ्यालाही. आकडा घातला की दोघांपैकी एक तरी नाराज होणार.

पीक विमा योजनेचे मूळ सूत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उंबरठा उत्पन्नापेक्षा, म्हणजे मागील वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या हमीच्या उत्पन्नापेक्षा, प्रत्यक्ष उत्पन्न जितक्या प्रमाणात कमी, तितक्याच प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई, असे ते सूत्र आहे. येथे एका दाण्याच्या फरकाने सर्व काही मिळत किंवा जात नाही, म्हणजे झादेह यांच्या अंशांची कल्पना शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पोचते. मात्र हे उत्पन्न शेतागणिक मोजले जात नाही; ते प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या, म्हणजे काही निवडक शेतांतल्या ठरावीक तुकड्यांवरील पीक कापून केलेल्या मोजणीच्या, सरासरीवरून ठरते, त्यामुळे रेघ पिकावरून उठून मंडळाच्या शिवेवर जाते. मंडळात हे प्रयोग कोणत्या शेतांत झाले आणि प्रत्येक ठिकाणी किती उत्पन्न निघाले, ते आकडे भरपाई ठरण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.