शेतकऱ्यांचे वर्गीकरण (जमीनवापराच्या अभ्यासातील)

शेतकरी एखादे पीक का धरतो, रान पडीक का ठेवतो, जमीन वाट्याने का देतो, हे समजून घेण्यासाठी सारख्या परिस्थितीतल्या शेतकरी कुटुंबांचे गट पाडण्याची पद्धत. कृषी अर्थशास्त्र, ग्रामीण समाजशास्त्र आणि भूगोल या तिन्ही शाखांत ती वापरली जाते.

भारतात सर्वांत रुळलेले वर्गीकरण क्षेत्रावर आधारलेले आहे. 1970-71 पासून साधारण दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना 1 हेक्टरपेक्षा कमी वहितीच्या शेतकऱ्याला अत्यल्पभूधारक, 1 ते 2 हेक्टरवाल्याला अल्पभूधारक, 2 ते 4 हेक्टरवाल्याला अर्धमध्यम, 4 ते 10 हेक्टरवाल्याला मध्यम आणि त्यापुढच्याला मोठा शेतकरी म्हणते. 2015-16 च्या गणनेत देशातली सुमारे 86 टक्के खाती पहिल्या दोन गटांत होती. त्यांच्याकडचे क्षेत्र मात्र 47 टक्क्यांच्या आसपास होते. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 पर्यंत 1.34 हेक्टरवर आले.

ही विभागणी मोजायला सोपी आहे, पण तिच्यावरून शेतात काय पेरले जाईल हे सांगता येत नाही. यवतमाळकडच्या सात एकर कोरडवाहू रानापेक्षा कोल्हापूरकडच्या दोन एकर बागायतीचा भरवसा जास्त असतो. 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत 2 हेक्टरपर्यंतच्या (सुमारे पाच एकर) शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली आणि त्यावरच्यांना उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर काही सूट. विदर्भातले पाच एकरांपेक्षा थोडी जास्त जमीन असलेले कापूस उत्पादक त्यामुळे पूर्ण माफीतून वगळले गेले आणि त्यावर रास्त टीका झाली. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने हा फरक आधीच ओळखला होता: 1975 च्या सुधारणेनुसार बारमाही पाण्याच्या जमिनीची मर्यादा 18 एकर, तर कोरडवाहू जमिनीची 54 एकर.

म्हणून जमीनवापराचे अभ्यासक क्षेत्राबरोबर पाणी, घरातले राबते हात, शेतीबाहेरचे उत्पन्न, जनावरे, कर्ज आणि जमिनीवरचा हक्क हेही पाहतात. इंग्लंडमध्ये रूथ गॅसन यांनी 1973 मध्ये शेतकऱ्यांची उद्दिष्टे व मूल्ये यांचा विचार पुढे आणला. पैशासाठी शेती करणारा आणि शेतीच्या कामातच समाधान मानणारा एकाच बाजारभावाला वेगवेगळा प्रतिसाद देतात.

घरातल्या हातांचा परिणाम ऊस आणि कांद्यात स्पष्ट दिसतो. विहिरीला पाणी आहे, पण मुले नोकरीला बाहेर आणि घरी दोघे वयस्कर, असे कुटुंब बहुधा ऊस लावते. लागण, भरणी आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या की तोडणीला कारखान्याची टोळी येते, दराला एफआरपीचा (केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचा) आधार असतो आणि खोडवाही, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीकही, ठेवता येतो. तेवढेच पाणी असलेले पण चार-पाच माणसे शेतात उतरणारे कुटुंब कांदा करते: रोपे टाकणे, लागण, खुरपणी, काढणी, कांदा कापणे आणि साठवणीच्या चाळीत भरणे. यात मजुरी घरातच राहते. भाव पडण्याचा धोका मोठा, पण हंगाम साधला तर कमी रानात जास्त पैसा. सात-बाराच्या क्षेत्रावरून ही दोन्ही कुटुंबे एकाच गटात पडतात.

आणखी अडचण कागदाची आहे. 1948 च्या कुळकायद्यामुळे कुळाचा हक्क लागेल या धास्तीने वाटेकऱ्याचे नाव सहसा नोंदवले जात नाही; बोली तोंडीच होते. जमीन आपल्याकडे किती वर्षे राहील याची खात्री नसलेला वाटेकरी झाडे लावत नाही, बांधबंदिस्तीवर खर्च करत नाही, एका हंगामात हाती येणारे पीक घेतो. कोकणात उलट चित्र आहे: एका सात-बारावर अनेक भावकी, हिस्सेदार मुंबईत, आणि संमतीअभावी रान पडून. बायका शेतीतली बरीच कामे करतात, पण खाते त्यांच्या नावावर नसल्याने खातेदारांच्या यादीवरून केलेल्या पाहणीत त्यांचे मत सुटते.

गट पाडताना आता बहुधा घरोघरीच्या पाहणीतली माहिती संख्याशास्त्रीय पद्धतीने जुळवली जाते आणि आलेले गट गावातल्या जाणकारांना दाखवून तपासले जातात. हा दुसरा टप्पा वगळणे चुकीचे आहे. संगणकाने पाडलेला एखादा गट गावात कोणालाच ओळखू येत नाही, असेही घडते. शिवाय गट कायमचे नसतात. बोअर आटली, वाटणी झाली किंवा मुलगा नोकरीला लागला की कुटुंब दोन-तीन वर्षांत दुसऱ्या गटात जाते. त्यामुळे एकाच वेळच्या पाहणीपेक्षा त्याच कुटुंबांकडे काही वर्षांनी पुन्हा जाऊन केलेली पाहणी अधिक उपयोगी ठरते.