दाटलेली रोपे: विरळणी कधी, लावण कशी

एक ग्रॅम टोमॅटोच्या बियांत अडीचशे-तीनशे दाणे भरतात. त्यामुळे चिमूटभर बी आठ इंची कुंडीत भुरभुरले की आठवड्याभरात माती दिसेनाशी होते. उगवलेले रोप काढायला कुणाचा जीव होत नाही. महिन्याने सगळीच उंच, सुतासारखी बारीक आणि लुळी पडलेली दिसतात.

ही उंची वाढीची नसते. पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषते, पण त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा दूर-लाल प्रकाश परतवून लावते. शेजारी पान आले की रोपावर पडणाऱ्या उजेडातले या दोहोंचे प्रमाण बदलते. खोडातल्या फायटोक्रोम या रंगद्रव्याला ते कळते आणि रोप मुळांच्या वाट्याचे अन्न खोड ताणण्यात घालवते. प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच हे सुरू होते, असे अर्जेंटिनातील संशोधकांनी १९९० साली मोहरी आणि धोतऱ्याच्या रोपांवर दाखवून दिले. म्हणून ‘अजून लहान आहेत, राहू देत’ म्हणण्यात अर्थ नाही.

कोल्हापुरात मृगावर बी टाकले तर पुढे जुलैभर आभाळ. उजेड कमी, हवा ओली, दाटीत वारा फिरत नाही. मग पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचे फावते. मातीलगत खोड पाणचट, काळपट होते, बारीक पडते आणि वरचे पान हिरवे असतानाच रोप आडवे होते. एक कोलमडले की भोवतालची जातात. अशा कुंडीतली उरलेली धड दिसणारी रोपेही दुसरीकडे लावू नयेत.

पहिली विरळणी दोन्ही बीजपत्रे, म्हणजे बियांतून निघणारी पहिली दोन पाने, उघडली की लगेच. दोन रोपांत दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बाकीची मातीलगत कात्रीने छाटावीत. उपटल्यास गुंतलेल्या मुळांबरोबर राखायचे रोपही हलते. बीटचे एक ‘बी’ म्हणजे दोन-चार बियांचा गड्डा, तिथे कितीही जपून पेरा, विरळणी चुकत नाही. मुळा-गाजराची रोपे उचलून दुसरीकडे लावूच नयेत. सोटमूळ दुमडले की फाटे फुटतात.

मिरची, वांगी, टोमॅटो यांना दोन ते चार खरी पाने आली की हलवावे. तासभर आधी पाणी द्यावे, माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी हवी, चिखल नको. आइस्क्रीमची चपटी काडी तिरकी खुपसून रोप मातीच्या गोळ्यासह उचलावे आणि धरायचे ते पानाला. पान फाटले तर दुसरे येते, खोड चिमटले तर रोप संपले. खड्डा मुळापेक्षा खोल असावा, मूळ वर वळता कामा नये. टोमॅटो बीजपत्रांपर्यंत गाडावा, त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरचीचे तसे नाही, ती होती त्याच खोलीवर लावावी.

गगनबावडा, राधानगरीकडची भाताची रोप लागण पाहणाऱ्याला एवढे लाड कशाला, असे वाटेल. तिथे मुठीने उपटून, मुळे धुऊन रोपे लावतात. पण भाताला बुडख्याच्या पेऱ्यांतून नवी मुळे सुटतात, आणि ती उभ्या पाण्यात. मिरचीचे पाणी ओढणारे बारीक मूलरोम तुटले की ते पुन्हा येईपर्यंत पाने मात्र बाष्प सोडतच राहतात. दुपारी मान टाकलेल्या रोपाला म्हणूनच पाणी वाढवून उपयोग नाही. तीन-चार दिवस सावली द्यावी, लावण संध्याकाळी करावी.

नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि मुळे तोडते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट पुरे. साखर कारखान्याची ताजी मळी (प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ) घालू नये, कुजताना ती तापते. शेंड्याला नवे पान येईपर्यंत युरियाला हात लावू नये, आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला चार रोपे जुन्या कुंडीत राखावीत.