नवीन स्पीकर बसवलेत? मग क्रॉसओव्हरकडे बघा

नवीन स्पीकर टाकून गाडी घरी आणली आणि पहिल्याच गाण्याला दार खडखडायला लागलं की लोक एकतर स्पीकरला शिव्या घालतात नाहीतर फिटिंगवाल्याला. कधीकधी फिटिंग खरंच ढिली असते, पण ठाणे-नवी मुंबईत मी ज्या गाड्या ऐकल्यात त्यात बऱ्याचदा भानगड वेगळीच असते, कुठल्या स्पीकरने कुठले सूर वाजवायचे ही वाटणीच कोणी केलेली नसते. ही वाटणी करतो तो क्रॉसओव्हर.

आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) ऐकू येतं. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे ८० हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटर लांब, जवळपास अख्ख्या गाडीएवढी, आणि ३००० हर्ट्झची जेमतेम ११ सेंटीमीटर. हे दोन्ही एकाच कोनने (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याने) नीट वाजवायचं म्हणजे अवघडच आहे.

आता खरी गंमत. समजा १६० हर्ट्झला ठरावीक आवाज काढायला कोन जेवढा पुढेमागे हलतो, तेवढाच आवाज ८० ला काढायचा तर त्याला चौपट हलावं लागतं आणि ४० ला सोळापट! दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला हलायला काही मिलिमीटरच जागा असते हो. जाळी काढून कमी आवाजात ४० हर्ट्झचा टोन (एकच सलग सूर) लावून बघा, कोनची कड धूसर दिसायला लागते, आणि गाण्यात तर त्याच वेळी त्याच कोनवर गायकाचा आवाजही चाललेला असतो, त्यामुळे तोही थरथरतो. म्हणून दाराच्या स्पीकरला ८० च्या आसपास हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा फिल्टर) लावायचा आणि खालचं सगळं सबला (सबवूफरला, म्हणजे फक्त बासच्या मोठ्या स्पीकरला) द्यायचं. बास कापला म्हणजे मजा गेली असं वाटतं खरं, पण उलट होतं, तेच स्पीकर आधीपेक्षा मोठ्याने आणि स्वच्छ वाजतात. सब नसेल तर ६० पासून सुरुवात करा आणि दार कुरकुरायला लागलं की वर सरका.

नुसता आकडा लावून भागत नाही, स्लोपही बघावा लागतो, म्हणजे त्या आकड्याच्या पलीकडे आवाज किती झपाट्याने कमी होतो ते. १२ डीबीचा (डेसिबलचा) स्लोप म्हणजे एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झला गेलं की पॉवर साधारण सोळावा हिस्सा उरते, २४ डीबीला अडीचशेवा. दारासाठी मला २४ च आवडतो.

ट्वीटरचं, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचं, मात्र जपून करा. बऱ्याच सेटमध्ये त्याच्या वायरवर एक छोटा कॅपॅसिटर असतो, ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा असेल तर ४००० हर्ट्झच्या खालचं तो हळूहळू, ६ डीबीच्या स्लोपने, अडवत जातो. ही वाटणी अँपमधल्या (ॲम्प्लिफायरमधल्या) फिल्टरने करायची, म्हणजे ॲक्टिव्ह करायचं, म्हणून तो काढणार असाल तर हाय पास आधी लावा, नीट तपासा आणि मगच आवाज सुरू करा, कारण ट्वीटरची कॉइल इतकी बारीक असते की खालचे सूर जोरात आले तर ती जळून जाते.

ऐकून बघायला मी अभंग लावतो. टाळ वर ट्वीटरमध्ये, पखवाजाचा घुमारा खाली दारात आणि सबमध्ये, आणि गायक या सगळ्यांच्या मधोमध डॅशबोर्डवर उभा हवा. तो पायापाशी गातोय असं वाटलं तर ट्वीटरचा क्रॉसओव्हर थोडा खाली आणा, ट्वीटरला झेपेल तेवढाच.

सब आणि दार जिथे एकमेकांना भेटतात तिथे अजून एक खेळ असतो. १२ डीबीच्या फिल्टरमध्ये हाय पास आणि लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) यांच्यात १८० अंशांचा फरक पडतो, एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे, आणि ८० च्या आसपास बास चक्क गायब होतो. १९७६ मध्ये ह्युलेट-पॅकार्डमधले सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी मांडलेला २४ डीबीचा फिल्टर याच कामाचा आहे, त्यात दोन्ही बाजू एका तालात राहतात. तरी गाडीत सब डिकीत आणि दार पुढे, अंतराने गणित बदलतंच. म्हणून ८० चा टोन लावा, ड्रायव्हर सीटवर बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी सबची पोलॅरिटी (वायरीचे प्लस-मायनस) उलटसुलट करायला सांगा. ज्यात बास जास्त भरून येतो ती ठेवा.

हे सगळं इंजिन बंद करून, शांत जागी. मग घोडबंदर रोडवर ट्रकच्या बाजूने जाताना बास कमी वाटेल, कारण टायरचा आणि इंजिनचा घरघराट खालचेच सूर झाकतो. तेव्हा सबची लेव्हल दोन-तीन डीबी वाढवा, क्रॉसओव्हर ८० वरून १२० ला नेऊ नका, पुरुष गायकाचे खालचे सूर त्याच भागात असतात आणि मग तो गायक डिकीतून गायला लागतो.