पोस्टकार्ड ते ग्रुप: मैत्री आणि खासगीपणाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांत माग आणि संसार एकाच खोलीत होते, तिथे आडोसा मिळणंच मुश्कील होतं. मित्राचं पोस्टकार्ड आलं की पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही ते वाचू शके. चारचौघांत नको असलेला मजकूर अंतर्देशीय पत्रात लिहून कडा चिकटवायच्या. पुढे एसटीडी बूथ आले. काचेच्या केबिनमध्ये मीटरवर नजर ठेवून बोलायचं आणि निम्मं बाहेरच्या रांगेला ऐकू जायचं. तरी पत्राची प्रत एकच असे आणि फोनवरचं बोलणं तिथंच विरून जाई. आता मैत्रीतल्या जवळपास प्रत्येक वाक्याची प्रत उरते, आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात असते.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेही आधी महानगरांत. सवय बदलली ती मोबाईलने. मे २००३ पासून इनकमिंगचे पैसे लागेनासे झाले आणि फोन विद्यार्थी-कामगारांच्या आवाक्यात आला. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट ही मित्र जोडण्याची साइट सुरू झाली. तिच्यावरचे स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहिलेले निरोप, सुरुवातीला कुणालाही वाचता येत, म्हणजे पुन्हा पोस्टकार्डच. ३० सप्टेंबर २०१४ ला ती बंद झाली.

व्हॉट्सअॅपने ओळख मोबाईल नंबरला बांधली, आणि नंबर देण्याचा अर्थच पालटला. ग्रुपमध्ये घेतलं की तो सगळ्या सदस्यांना दिसतो. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ होती, २०२२ मध्ये ती १,०२४ वर गेली. सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपमध्ये न विचारता ओढलेल्या बाईला अनोळखी माणसांचे मेसेज येऊ लागतात ते यामुळे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे ठरवायची सोय एप्रिल २०१९ मध्ये आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या, आणि ‘वाचून उत्तर दिलं नाही’ हे रुसव्याचं नवं कारण झालं. त्या बंद केल्या तर समोरच्याच्याही आपल्याला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद होतच नाहीत.

एप्रिल २०१६ पासून मेसेज कुलूपबंद जातो, वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. पण कुलूप वाटेपुरतं आहे. पोचल्यावर मित्र स्क्रीनशॉट काढू शकतो, फोटो त्याच्या गॅलरीत आपोआप उतरू शकतो. बॅकअपला वेगळं कुलूप लागतं. ती सोय २०२१ मध्ये आली, आणि स्वतः सुरू केल्याशिवाय ती लागू होत नाही. दुरुस्तीला दिलेला फोन उघडा असेल तर त्यातलं व्हॉट्सअॅप काही सेकंदांत दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं. म्हणून परत घेताना व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडावं आणि अनोळखी नाव दिसलं तर लॉगआउट करावं. ‘माझा कोड चुकून तुला आला, पाठव ना’ असा मित्राच्या नावाने मेसेज आला, तर बहुधा त्याचं खातं आधीच चोरीला गेलेलं असतं. आपल्याच खात्याचा सहा आकड्यांचा तो कोड दिला की आपलंही जातं आणि आपल्या नावाने बाकीच्यांकडे पैसे मागितले जातात. टू-स्टेप पिन, म्हणजे आपणच ठरवलेला आणखी एक आकडा, लावलेला असेल तर नुसत्या कोडवर खातं उघडत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावं.

ओळखीच्या माणसाने पाठवलंय म्हणजे खरंच असणार, या भरवशाची सगळ्यात मोठी किंमत सोलापूर जिल्ह्याने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते, बहुतेक याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. फिरत्या मेसेजांनी ती भीती गावोगाव आधीच पोचवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपवर ‘फॉरवर्डेड’ची खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली.

कायदा मागून आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल, आपला साधा फोटो सहज म्हणून पुढे पाठवणाऱ्या मित्राला मात्र या कायद्याखाली नाही. संमतीशिवाय गुप्तांगांचा फोटो काढला किंवा पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.