पट, आधार आणि मुख्याध्यापकाचं टेबल

विदर्भातल्या खेड्यात शाळा कुणी चालवायची, हे ठरवणारे हात गेल्या नव्वद वर्षांत अनेकदा बदलले. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा व्यवस्थापन म्हणजे जागा मिळवणं, वसतिगृह चालवणं आणि चांगला मास्तर टिकवणं. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि नागपूर भागातल्या जनपद सभांचा, म्हणजे आधीच्या स्थानिक स्वराज्य संस्थांचा, काळ संपून प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. खाजगी शाळांत १९७७चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ची नियमावली आली. पगार सरकारचा, इमारत संस्थेची, असं ते जुगाड पुढे बरंच टिकलं. २०१७ला शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आलं आणि शिक्षक निवडीतलाही संस्थेचा हात आखडला.

खरं वळण मात्र पटाचं, म्हणजे शाळेत नोंदलेल्या मुलांच्या संख्येचं. शिक्षकांची पदं पटावर ठरतात: शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन. एका नावानं पद जातं म्हटल्यावर हजेरीपट फुगणारच होता. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून. शाईची जागा पुढे विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या सरल प्रणालीनं आणि आधारनं घेतली. आता संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर करताना, आधार जुळलेलंच मूल मोजलं जातं.

गाडी अडते ती इथंच. शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या दाखलखारीज नोंदवहीत 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश'. नोंदवहीत जन्मतारीख १४ जून, तर आधारवर १ जानेवारी, कारण आधार काढताना तारीख कुणाला सांगता आली नव्हती. मूल वर्गात समोर बसलेलं असतं, पण पोर्टलवर 'अवैध'. नोंदवहीतली जन्मतारीख मुख्याध्यापकाला मनानं बदलता येत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. म्हणून पहिलीच्या प्रवेशालाच जन्मदाखला मागावा, नोंद त्यावरूनच घ्यावी आणि आधार त्याच दाखल्यावर दुरुस्त करून आणायला सांगावं. विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी शेवटी भरते आणि पट ३० सप्टेंबरचा धरतात, म्हणजे हातात तीनच महिने, तेही पेरणी-निंदणाचे. पालक केंद्रावर जाणार म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार. ते दुरुस्तीचं काम पावसाळ्यावर ढकललं की राहूनच जातं.

शाळा व्यवस्थापन समिती २०१०पासून आहे. १२ ते १६ सदस्य, त्यांत ७५ टक्के पालक. कागदावर दर महिन्याला सभा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी इतिवृत्त आधी लिहून होतं आणि सह्या घरोघरी फिरून. तिचं सगळ्यात उपयोगी काम दिवाळीच्या आधीचं आहे. मेळघाटातली, यवतमाळच्या वस्त्यांवरची कुटुंबं त्यानंतर कामाला बाहेर पडतात. कोणत्या घरचं मूल मागं आजीजवळ राहू शकतं, ही यादी पालक सदस्यच नेमकी देऊ शकतात, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच यादीवर उभा राहतो. यादी उशिरा झाली की मूल वीटभट्टीवर गेलेलं असतं आणि इकडं पटावर नाव तेवढं उरतं.